सावकाश जेवणं वेगळं, मन लावून जेवणं वेगळं

‘हळू जेव, जेवणाकडे लक्ष दे’ असं आपल्याकडे एका दमात सांगतात. त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकच, असं आपण धरून चालतो. वेंगुर्ल्यातल्या एखाद्या घरात टीव्हीवरची मालिका बघत पाऊण तास जेवणारा माणूस सावकाशच जेवत असतो. पण आमटीत तिरफळ होतं की नव्हतं, हे त्याला नंतर विचारून बघा. उलट तव्यावरून थेट ताटात आलेलं घावन चुलीपाशीच बसून दोन मिनिटांत संपवणारा घाईत दिसतो, पण त्याचं सगळं चित्त त्या घावनात असतं. आणि घावन खायची रीत तीच आहे. गार झालं की त्याची लुसलुशीत जाळी चिवट होते, मग ते लांबवून खाण्यात काय हशील?

सावकाश जेवण्याचा संबंध मुख्यतः पोटाशी आहे. जठर ताणलं जातं तशी व्हेगस नावाची मज्जातंतू मेंदूला खबर देते. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवतं, तेही ‘आता पुरे’ असाच निरोप देतं. हे निरोप पोचून पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण १५-२० मिनिटं जातात. भराभर जेवणारा तोवर गरजेपेक्षा दोन मुदी भात जास्त घेऊन बसलेला असतो. म्हणून हळू जेवावं, हे खरंच. पण ‘एक घास ३२ वेळा चावा’ हा नियम सरसकट लावू नये. उकड्या तांदळाच्या पेजेला तो लावणार कसा? शिवाय जो चावे मोजत बसतो, त्याचं लक्ष आकड्यात असतं, घासात नसतं.

मन लावून जेवण्याचा संबंध चवीशी आणि आठवणीशी आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा भाग वासच असतो, आणि तो घशामागून नाकात चढतो. घास चावताना, गिळताना हे घडतं. बांगड्याचं तिखलं घ्या. ताट समोर आलं की आधी तिरफळाचा वास येतो. मग कोकमाचा आंबटपणा, मागून मिरचीचा जाळ, आणि तिरफळाचा अंश दाताखाली आला तर जिभेला मुंग्या. या मुंग्या म्हणजे चव नव्हे, तो स्पर्श आहे. एकाच घासात वास, चव, जळजळ आणि स्पर्श. मालवणी स्वयंपाकाची खरी श्रीमंती ही आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि फोन बघत जेवणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं फक्त तिखट येतं.

या दोन गोष्टींची गल्लत का होते, त्याचं एक कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली ताण कमी करण्याचा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला मनुक्याचा सराव पुढे जगभर पोचला: एक मनुका हातात घ्यायचा, बघायचा, हुंगायचा आणि अगदी संथपणे खायचा. तिथला संथपणा लक्ष वळवण्यापुरता असतो. रोजचं अख्खं जेवण त्या गतीने जेवावं, असं त्यातून निघत नाही.

लक्ष असलं की आणखी एक गोष्ट कळते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की एखादा पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची गोडी उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र बरीचशी टिकून राहते. हापूसच्या पहिल्या फोडीला जो आनंद असतो तो सहाव्या फोडीला नसतो. भात-आमटीने पोट भरल्यावरही सोलकढीची वाटी हवीशी वाटते, तेही याचमुळे. गोडी उतरायला लागलेली ज्याला जाणवते, तो तिथे हात आखडता घेतो आणि त्याला ते मन मारल्यासारखं वाटत नाही. नुसतं सावकाश जेवून हे साधत नाही. हळूहळू, बेसावधपणे अख्खी पेटीही संपवता येते.

आठवणीचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या सुझान हिग्ज यांच्या २०११ सालच्या प्रयोगात काही जणींना दुपारचं जेवण त्याकडे लक्ष देऊन जेवायला सांगितलं होतं. त्यांना ते जेवण जास्त स्पष्ट आठवलं, आणि नंतर पुढ्यात आलेली बिस्किटं त्यांनी इतरांपेक्षा कमी खाल्ली. जेवून तासाभरात चिवड्याचा डबा उघडणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

मग करायचं काय? जेवणानंतर जडपणा येत असेल तर वेग कमी करा. पोट भरूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटत असेल, तर वेगाला हात लावायची गरज नसेलही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिले चार घास बोलण्यावाचून घ्या. पहाटे मासेमारीला निघणाऱ्या माणसाला किंवा मे महिन्यात पर्यटकांची पंगत सांभाळणाऱ्या बाईला पाऊण तास कुठून मिळणार? चार घासांचं लक्ष त्यांनाही परवडतं. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा ताटात पेज आणि सुकटीची चटणी एवढंच असलं, तरी भाजलेल्या सुकटीचा खमंगपणा आणि ओल्या खोबऱ्याचा गोडवा वेगवेगळा ओळखता येतो.

दोन्ही गोष्टी एकदम शिकवणारा पदार्थ आपल्याकडे आहे, तो म्हणजे काट्याचा मासा. काटा शोधायला बोटं, जीभ आणि मन एका जागी यावं लागतं, आणि गती आपोआप उतरते. म्हणून मुलं थोडी मोठी झाली की त्यांना दरवेळी काटे काढलेला मासा भरवू नका. शेजारी बसा आणि आधी बांगडा द्या, त्याचा मधला काटा मोठा, सहज सुटणारा. हात बसला की मग बारीक काट्यांचे पेडवे.