रडलं की लगेच हलकं वाटतं?

"एकदा मनसोक्त रडून घे, लगेच हलकं वाटेल," हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्यातला 'लगेच' चुकीचा आहे.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. ६० जणांना काळीज पिळवटणारे सिनेमे दाखवले. त्यातला एक 'हाची'. मालक गेल्यावरही वर्षानुवर्षं स्टेशनबाहेर वाट बघणारा कुत्रा. म्हातारपणी तो बर्फात तिथेच बसतो आणि नजर दारावर! मला तर तो प्रसंग आठवला तरी गळा दाटून येतो.

२८ जण रडले. सिनेमा संपल्या संपल्या त्यांना हलकं वाटलं का? नाही, उलट त्यांचं मन आणखी खिन्न झालं होतं. वीस मिनिटांनी ते मूळपदावर आलं आणि दीड तासानंतर मात्र सिनेमाआधीपेक्षाही बरं वाटू लागलं. आपल्याला लक्षात राहतं ते हे नंतरचं बरं वाटणं.

न रडलेल्या ३२ जणांच्या मनःस्थितीत सिनेमा संपल्यावर फारसा फरक दिसला नाही.

म्हणून थिएटरबाहेर डोळे पुसत उभ्या असलेल्या माणसाला "आता मोकळं वाटलं ना?" असं लगेच विचारू नका. त्याला जरा वेळ द्या.