लॅमिनेशन चिकटत नाही? तापमान राहू द्या, वेग कमी करा

लॅमिनेशनची फिल्म कागदावरून सुटू लागली की मशीनवरच्या माणसाचा हात आधी तापमानाच्या बटणाकडे जातो. जास्त गरम म्हणजे जास्त पक्कं, हा समज फार रुजलेला आहे. पण बहुतेक वेळा उपाय शेजारच्या बटणात असतो, वेगाच्या.

रोलवरची फिल्म दिसते एक, पण असते दोन थरांची. बाहेर पॉलिएस्टर किंवा बीओपीपीचा (ताणून पातळ केलेल्या पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा) कडक थर आणि आत ईव्हीए नावाचा गोंद. ग्लू गनमधल्या कांड्याही बहुधा याच जातीच्या असतात. १०० ते १२० अंश सेल्सिअसला हा गोंद पातळ होतो, कागदाच्या तंतूंमध्ये शिरतो आणि थंड होताना तिथेच अडकून बसतो. फिल्मची चकचकीत बाजू रोलरला लागायची आणि मंद बाजू, म्हणजे गोंद, कागदाला. उलट चढवली तर गोंद थेट तापलेल्या रोलरवर वितळतो.

आता खरी गंमत. रोलर तापवतो फिल्मची बाहेरची बाजू, गोंद मात्र आत. मधलं प्लॅस्टिक उष्णतेचं मंद वाहक आहे, आणि उष्णतेला ते पार करायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट! ढोबळ हिशेब असा: २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्मला साधारण ०.००६ सेकंद, १२५ मायक्रॉनला ०.१६ सेकंद, २५० मायक्रॉनला ०.६ सेकंद. दोन रोलरच्या चिमटीत दाबाची पट्टी ५ मिलिमीटर रुंद धरू. मिनिटाला ३ मीटर वेग असेल तर फिल्म त्या पट्टीत ०.१ सेकंद राहते, १ मीटर असेल तर ०.३ सेकंद. म्हणजे ३ मीटरच्या वेगाला २५ मायक्रॉनची फिल्म मजेत चिकटेल, १२५ची मात्र बाहेरून तापून आतून अर्धी कच्ची निघेल. चिमटीत शिरण्याआधी फिल्म गरम रोलरला थोडी लपेटून येते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्त मिळतो. पण वर्गाचं गणित सुटत नाही. त्यात ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ड घातलं तर तेही स्वतः तापायला उष्णता ओढून घेतं. ८० जीएसएमच्या कागदावर जमलेला वेग कार्डाला चालत नाही तो यामुळेच.

वेग तसाच ठेवून नुसतं तापमान चढवलं की बाहेरचा थर आधी बिघडतो. बीओपीपी साधारण १६५ अंशांना वितळतं, पण आक्रसायला त्याच्या बऱ्याच आधी लागतं. मग आडव्या लाटा उठतात. कागदातल्या ओलाव्याची वाफ होऊन फुगे येतात ते वेगळेच. पावसाळ्यात कोकणात हा त्रास हमखास. कागद गठ्ठ्यातून ऐनवेळी काढा, आदल्या रात्रीपासून उघडा ठेवू नका.

सुरुवात कुठून करायची? १२५ मायक्रॉनला ११० अंश आणि मिनिटाला १ मीटर, पातळ फिल्मला १०० ते १०५ अंश आणि २ ते ३ मीटर. फिल्मच्या खोक्यावर वेगळे आकडे असतील तर ते प्रमाण माना. आकडा गाठल्यावरही १० ते १५ मिनिटं थांबा, कारण रोलरवरचं सिलिकॉन रबर सावकाश तापतं. मग एक चाचणी पट्टी काढा, पूर्ण गार होऊ द्या आणि कापून सोला. गोंदासोबत कागदाचे तंतू उपटून आले तर जोड पक्का. फिल्म स्वच्छ सुटली तर वेग कमी करा.

गडद छपाईवर चंदेरी झाक दिसली तर ती गोंदाखाली अडकलेली हवा असते. ऑफसेट छपाईत ताजे कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फवारलेली पावडर किंवा लेझर प्रिंटच्या टोनरचं तेल गोंदाला पृष्ठभागाला भिडू देत नाही. इथे दाब वाढवायचा, वेग उतरवायचा, आणि शाई किमान २४ तास वाळू द्यायची. तिरप्या सुरकुत्या आल्या तर रोलचा ब्रेक तपासा: फिल्म सपाट राहील इतकाच ताण हवा. एकाच बाजूला लॅमिनेशन असेल तर जादा ताणलेली फिल्म गार होताना आखडते आणि कागद तिच्या बाजूला वळतो. दमट हवेत उघडी बाजू फुगते, त्यामुळे वळण आणखी वाढतं.

‘लाइफटाइम वॉटरप्रूफ’ या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नका. कागदाच्या कडेला लागून कापलं की उघड्या कडेतून पाणी तंतू-तंतूने आत चढतं. चारही बाजूंना ३ ते ५ मिलिमीटर नुसती फिल्म राहिली पाहिजे. मूळ गुणपत्रिका, जुने दस्तऐवज लॅमिनेट करूच नयेत: तंतूंत मुरलेला गोंद कागद न फाडता निघत नाही, लॅमिनेशन छायाप्रतीचं करावं. दुकानाच्या पावतीचा थर्मल कागद तर गरम रोलरखाली काळा पडतो, त्याला कोल्ड लॅमिनेशनच, म्हणजे उष्णतेशिवाय नुसत्या दाबाने चिकटणारं, हवं.

रोलरवर सांडलेला गोंद कोमट असतानाच मऊ कापडाने पुसा, ब्लेड लावू नका. आणि मशीन बंद करण्याआधी दाबाचा खटका सोडा, नाहीतर रबर एकाच जागी चेपून राहतं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक फेऱ्याला त्याच अंतरावर आडवी रेघ उमटते.