ग्राफच्या एसव्हीजी फाइलमधले उणे आकडे

पायथॉनमधून पायग्राफविझ (ग्राफ काढणाऱ्या ग्राफविझ या सॉफ्टवेअरला पायथॉनशी जोडणारी लायब्ररी) वापरून ‘अ’कडून ‘ब’कडे एक बाण असलेला साधा ग्राफ (नोड म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांची आकृती) काढा, डॉट लेआउट (नोड थरांत मांडण्याची पद्धत) द्या आणि तयार झालेली एसव्हीजी (वेबवरच्या चित्रांचं, मजकूर म्हणून वाचता येणारं रूप) फाइल नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या नोडचा केंद्रबिंदू उभ्या अक्षावर उणे ९० वर, दुसऱ्याचा उणे १८ वर. मधलं अंतर ७२. हे आकडे उणे का, आणि ७२च का, याचं उत्तर १९८४ मध्ये आहे.

त्या वर्षी अ‍ॅडोबीने पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पानावर काय छापायचं ते प्रिंटरला सांगणारी भाषा, आणलं. त्यात एका इंचाचे ७२ पॉइंट, म्हणजे वरचं अंतर बरोबर एक इंच, आणि मोजमाप कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर जातं. पुढे एटी अँड टी बेल लॅब्जमध्ये ग्राफविझ घडलं, तेव्हा चांगलं चित्र म्हणजे पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरवर निघालेलं चित्र. त्यातल्या ‘डॉट’ची पद्धत गॅन्सनर, कौत्सोफिओस, नॉर्थ आणि वो यांनी १९९३ च्या निबंधात मांडली. नोड थरांत बसवण्याची कल्पना सुगियामा, तागावा आणि तोदा यांची, १९८१ ची. डॉटचे बाण बेझिए वक्रांनी (मोजक्या बिंदूंवरून ठरणाऱ्या गुळगुळीत वाकड्या रेषांनी) बनतात, आणि तेच वक्र पोस्टस्क्रिप्टला थेट कळतात. म्हणजे व्हेक्टर (ठिपक्यांऐवजी रेषा-वक्रांनी चित्र सांगणं) ही इथे नंतर जोडलेली सोय नव्हे. ग्राफविझचा हिशेबच त्या भाषेत चालतो. २००१ मध्ये एसव्हीजी प्रमाणित झालं, पण त्यात मोजमाप वरून खाली येतं. ग्राफविझने जुना हिशेब तसाच ठेवला आणि फाइल लिहिताना उभ्या आकड्यांचं चिन्ह उलटवलं.

नेटवर्कएक्स या पायथॉनच्या ग्राफ-लायब्ररीची चित्रं दुसऱ्या घराण्यातली. ती मॅटप्लॉटलिब हे आलेख काढणारं साधन काढतं, आणि ते जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने लिहिलं. पहिली आवृत्ती २००३ ची. शोधनिबंधात छापण्याजोग्या आकृत्या हा त्याचा हेतू, म्हणून एकाच चित्रासाठी पीएनजी, पीडीएफ, एसव्हीजी असे वेगवेगळे बॅकएंड, म्हणजे त्या त्या प्रकारची फाइल लिहिणारे भाग. लॉस अ‍ॅलामोसच्या प्रयोगशाळेत वाढलेलं नेटवर्कएक्स २००५ मध्ये खुलं झालं आणि चित्रांसाठी याच वाटेने गेलं. त्याची किंमत आहे. ग्राफविझच्या एसव्हीजीत प्रत्येक नोड आणि बाण नावासह वेगळा गट असतो, त्यामुळे वेबपानावर नोडला लिंक किंवा रंग देणं सोपं जातं. मॅटप्लॉटलिबच्या फाइलमध्ये नुसते ठिपके आणि रेषा उरतात. कोणता ठिपका कोणाचा, ते गेलेलं असतं.

मराठी लेबलं असली की हा फरक जास्तच बोचतो. अक्षरजुळणीची सोय मॅटप्लॉटलिबमध्ये अनेक वर्षं नव्हती. ‘सिन्नर’मधली वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जायची, जोडाक्षर फुटून हलन्त दिसायचा. शिवाय मॅटप्लॉटलिबच्या एसव्हीजीत अक्षरांचे आकारच कोरले जातात, त्यामुळे मजकूर शोधताही येत नाही. ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ ही सेटिंग ‘नन’ केली की मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जुळवतो. फक्त पाहणाऱ्याच्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट हवा.