छेदनबिंदूच्या आधीचे गणित

दोन अज्ञातांची दोन समीकरणे आज आपण आलेखावर दोन रेषा काढून, त्यांच्या छेदनबिंदूवरून सोडवतो. पण अशी उदाहरणे त्या रेषांच्या कितीतरी आधीची आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५०च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त एक उदाहरण घातले: ९ महाळुंगे (लिंबाच्या जातीची फळे) व ७ कवठे यांची किंमत १०७, तर ७ महाळुंगे व ९ कवठे यांची १०१. एकेकाचा भाव किती? रीत शब्दांत दिली आहे. मोठ्या किमतीला फळांच्या मोठ्या संख्येने गुणायचे, लहानीला लहानीने, आणि दोहोंच्या वजाबाकीला संख्यांच्या वर्गांतील फरकाने भागायचे. ९६३ − ७०७ = २५६, ८१ − ४९ = ३२. महाळुंग ८, कवठ ५. चित्र कुठेच नाही. चीनमध्ये तर त्याआधी कित्येक शतके मोजणीच्या काड्या मांडून तीन अज्ञातांची समीकरणे सुटत होती.

रेषा आली १७व्या शतकात. पहिल्या घाताचे, दोन अज्ञातांचे समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे फ्रेंच गणिती फर्माने स्पष्ट मांडले. पण ते छापून आले १६७९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. श्रेय बहुतेक फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती देकार्तच्या १६३७च्या ग्रंथाला मिळते. आपण आखतो तसे काटकोनातले दोन अक्ष मात्र त्यात नाहीत.

आलेखाचे मोल उत्तर काढण्यापेक्षा उत्तरे किती आहेत हे दाखवण्यात जास्त आहे, आणि हा मुद्दा पुढे आला एका पेचातून. तृतीय घाताचे दोन वक्र नऊ बिंदूंत छेदू शकतात. असा वक्र ठरायलाही नऊच बिंदू पुरावेत. मग त्याच नऊ बिंदूंतून दोन वक्र जातात कसे? १७५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात स्विस गणिती ऑयलरने साधी जोडी घेतली: ३क्ष − २य = ५ आणि ४य = ६क्ष − १०. समीकरणे दोन दिसतात, पण दुसरे पहिल्याचीच दुप्पट. कागदावर एकच रेषा, उकली अगणित. नऊ बिंदूंनी मिळणाऱ्या नऊ अटींचेही असेच होऊ शकते: एखादी अट बाकीच्यांतूनच येते. हाच पेच त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथात क्रेमरनेही मांडला होता. दहावीच्या पुस्तकात समीकरणे सोडवण्याच्या निश्चयकांच्या रीतीला ज्याचे नाव आहे, तोच हा.

शाळेत आलेख कागद रुळायला विसावे शतक उजाडले. अभियंते जॉन पेरी यांनी १९०१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या ग्लासगो अधिवेशनात त्याचा आग्रह धरला.

महाळुंगाचा भाव क्ष आणि कवठाचा य मानून महावीराचार्यांचेच उदाहरण (९क्ष + ७य = १०७, ७क्ष + ९य = १०१) १ सेंमी = १ एकक प्रमाणाने काढून पाहा. सवयीने क्ष = ० घेतले की य = १०७/७ येते आणि बिंदू अंदाजाने टेकवावा लागतो. त्यापेक्षा पहिल्या रेषेसाठी (१, १४) व (१५, −४), दुसरीसाठी (−१, १२) व (१७, −२) घ्या. तरीही रेषा जेमतेम १४ अंशांत छेदतात. पेन्सिलीची रेघ अर्धा मिमी जाड असली, तर छेद सुमारे ४ मिमी लांब पसरतो आणि क्ष ७.९ की ८.१ हे सांगता येत नाही. आधी समीकरणांची बेरीज आणि वजाबाकी करा: क्ष + य = १३, क्ष − य = ३. याही रेषा त्याच बिंदूतून जातात, पण काटकोनात छेदतात, म्हणून (८, ५) नीट वाचता येतो. तो मूळ दोन्ही समीकरणांत घालून ताळा मात्र पाहावाच लागतो.