बॅटरी बदलण्याआधी : गाडी आणि इन्व्हर्टर वापरणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

नवी बॅटरी विकायला आमची अर्थातच हरकत नाही. पण ‘गेली’ म्हणून दुकानात आणलेली बॅटरी पुष्कळदा गेलेली नसते. ती नीट चार्ज झालेली नसते, पाणी आटलेलं असतं किंवा टर्मिनलवर पांढरं साचलेलं असतं. अशा वेळी नवी बसवली तरी मूळ दुखणं गाडीतच किंवा घरातच राहतं आणि काही महिन्यांत नवीही तशीच बसते. म्हणून आधी मोजा. एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१२ व्होल्ट दाखवतेय, म्हणजे ठीक ना?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज. ‘१२ व्होल्ट’च्या शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ किंवा थोडं वर दाखवते. १२.४ असेल तर ती पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. ११.८ ला ती रिकामीच समजा.

मीटरचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल काडी प्लसला आणि काळी मायनसला लावा. गाडी रात्रभर उभी असावी, निदान चार तास तरी. नुकतीच चाललेली गाडी फुगलेला आकडा दाखवते. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि पाच मिनिटांनी मोजा.

रात्रभर चार्जरवर ठेवूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला असेल, तर एक सेल मेलेला आहे. १२.६ मधून २.१ वजा करून पाहा. ही बॅटरी कशानेही परत येत नाही, तिच्यावर पैसे घालू नका.

दुसरं माप सेल्फ मारताना घ्यायचं. एकजण चावी फिरवेल, दुसऱ्याने मीटर बघायचा. बॅटरी आधी १२.४ च्या वर असूनही सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर तिच्यात दम उरलेला नाही. बॅटरी आधीच अर्धी असेल तर मात्र या मापाला अर्थ नाही. ती चार्ज करून मगच निकाल द्या.

तिसरं माप इंजिन चालू असताना. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ यायला हवेत. १३.२ च्या खाली असेल तर बॅटरीला दोष देण्याआधी अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) बेल्ट, त्याची वायर आणि मग अल्टरनेटर बघा. १५ च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरी शिजतेय, पाणी आटेल, डबा फुगेल. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गाडीचा कॉम्प्युटर चालवतो, त्यामुळे बॅटरी भरलेली असली की आकडा मुद्दाम १३ च्याही खाली ठेवला जातो. तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा मोजा, आकडा वर चढला पाहिजे.

चावी फिरवली की नुसतं टक-टक

दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ लागत नाही. इथे आधी टर्मिनल बघा. कारण साध्या हिशोबात आहे. हॉर्नला चार-पाच अँपिअर लागतात, सेल्फला पेट्रोल गाडीत दीडशेच्या आसपास, डिझेलला त्याहून जास्त. टर्मिनल आणि क्लॅम्पच्या मधे गंजामुळे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला, तर हॉर्नच्या वाटेत ०.१ व्होल्ट कमी होतात, ते कुणाला कळतही नाही. सेल्फच्या वाटेत मात्र तोच अडथळा ३ व्होल्ट खातो. मग रिले (सेल्फचा विजेचा खटका) टक-टक करतो आणि सेल्फ ढिम्म हलत नाही.

साफ करायला अर्ध्या लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा, जुना टूथब्रश, थोडा पॉलिश पेपर आणि बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. हा क्रम उगाच नाही. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होतो आणि बोट मधे असेल तर भाजतं. बॅटरीची बुचं घट्ट आहेत ना ते बघून सोड्याचं पाणी ओता. फेस येईल, तो थांबेपर्यंत घासा, साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिडच मारतो. टर्मिनलचा खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू, दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. क्लॅम्प घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. जेली आधी लावून क्लॅम्प बसवू नका. आणि इतकं करून मायनसची जाड केबल बॉडीला आणि इंजिनला जिथे कसलेली असते ते नट बघायला विसरू नका. तिकडे कुणी फिरकत नाही आणि गंज तिथेही धरतो.

काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर म्युझिक सिस्टिम कोड मागते, काचांची ऑटो सेटिंग जाते. कोड आधी शोधून ठेवा.

गाडी चार दिवस उभी राहिली की उतरते

बंद गाडीसुद्धा थोडा करंट खातच असते: अलार्म, घड्याळ, कुलपाचा रिसीव्हर. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास, बॅटरीतल्या विजेचं माप) जातात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी अठरा-एकोणीस दिवसांत अर्धी होते. चार दिवसांतच उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर बॅटरीच थकलीय.

गळती शोधायला मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घाला, खटका डीसी अँपिअरवर. मायनसची केबल सोडवा, एक काडी केबलला आणि दुसरी बॅटरीच्या मायनस खांबाला लावा. आता सगळा करंट मीटरमधून जातो, म्हणून या अवस्थेत चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दार उघडं ठेवून काम करायचं असेल तर दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद आहे असं वाटतं. बोनेटच्या लॅचचंही तेच. मग अर्धा तास थांबा. हे थांबणंच बहुतेक जण टाळतात आणि जाग्या कॉम्प्युटरचा करंट बघून घाबरतात. अर्ध्या तासानंतरही आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे. बाहेरून बसवलेला कॅमेरा, ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम आणि डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे संशयित.

काम झालं की लाल काडी परत व्होल्टच्या भोकात. ती अँपिअरच्या भोकात ठेवून पुढच्या वेळी कुणी बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं तर सरळ शॉर्ट होतो.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मायनस सोडवून ठेवा. रोज पाच मिनिटं जागेवर चालू करून ठेवण्यात अर्थ नाही. एका सेल्फला लागणारी वीज खरं तर किरकोळ असते, १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-अवरही नाही. पण रिकाम्या होत आलेल्या बॅटरीला पाच मिनिटांत मिळणारं चार्जिंगही नगण्यच. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा. उलट हेडलाइट चालू राहिले तर ५५ वॉटचे दोन बल्ब नऊ अँपिअर ओढतात, पाच तासांत तीच ४५ची बॅटरी कोरडी.

इन्व्हर्टरचा बॅकअप सांगितला तेवढा का मिळत नाही?

लेबलवरचे १५० अँपिअर-अवर हे बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाचे असतात, म्हणजे साडेसात अँपिअरने वापरली तर. घरातला खरा भार बघा : ७० वॉटचे तीन पंखे, ९ वॉटचे पाच एलईडी, राउटरचे १०, मिळून २६५ वॉट. इन्व्हर्टर वीस टक्के स्वतः खातो असं धरलं तर बॅटरीतून सुमारे २८ अँपिअर निघतात. एवढ्या ओढीला तीच बॅटरी १२० अँपिअर-अवरच्या आसपासच देते, आणि ती पूर्ण निचरायची नसते. हाती येतात साडेतीन तास, तेही नव्या बॅटरीचे. कागदावरचा हिशोब (१८०० वॉट-अवर भागिले २६५) सात तास दाखवतो, भांडण तिथून सुरू होतं. वीजबचतीचे पंखे बसवले तर भार निम्म्यावर येतो. दुसरी बॅटरी घेण्याआधी हे करून बघा.

एवढं वापरल्यावर १५ अँपिअरच्या चार्जिंगने ती पूर्ण भरायला आठ-दहा तास लागतात, शेवटचा टप्पा हळूच होतो. दिवसातून दोनदा लांब वीज जात असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात, सुरुवातीला मऊ असतात तोवर चार्जिंगने विरघळतात, कडक झाले की नाही. गाडीची बॅटरीसुद्धा बहुधा याच दुखण्याने जाते.

गाडीची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला लावू का, हा प्रश्न नेहमीचा. लावू नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर खूप करंट द्यायला बनवलेल्या. खोलवर निचरल्या की थोड्याच फेऱ्यांत झडतात. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर (नळीसारख्या जाड प्लेटांच्या) बॅटरीचं उलट, ती संथ आणि दीर्घ कामासाठी.

पाणी

फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, एसीच्या नळीतून पडणाऱ्या पाण्यात कॉइलचे धातू आणि धूळ. आणि ॲसिड कधीही टाकायचं नाही. चार्जिंगमध्ये पाण्याचाच हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन जातो, ॲसिड आतच राहतं.

बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच पाणी भरा, कारण चार्जिंगमध्ये पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर उतू जातं, आणि जे उतू जातं ते ॲसिड असतं. मग परत पाणी, परत उतू, अशी बॅटरी पातळ होत जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच घाला. फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता दांडा) असेल तर वरच्या खुणेपर्यंत, नसेल तर प्लेटांच्या वर बोटभर नव्हे, साधारण एक सेंटिमीटर. दोन महिन्यांनी एकदा बघा, उन्हाळ्यात दर महिन्याला. सगळे सेल सारखेच भराभर आटत असतील तर चार्जिंग व्होल्टेज जास्त आहे. एकच सेल आटत असेल तर तो सेल बिघडलाय किंवा डब्याला चीर आहे.

हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) असेल तर गाडीच्या भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी (पाण्याला १००० धरून घनता) १२६० ते १२८० यावी, ट्युब्युलरची १२४० ते १२५०. दोन सेलमध्ये ५० चा फरक म्हणजे कमी असलेला सेल संपत आलाय. पाणी घातल्या-घातल्या मोजू नका, ते वरच तरंगत असतं.

बॅटरी बंद कपाटात, देव्हाऱ्याजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. सडक्या अंड्यांचा वास आला तर चार्जिंग बंद, खिडक्या उघडा, बॅटरी निवेपर्यंत हात लावू नका. ॲसिड डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि मग डॉक्टरांकडे. फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हे मात्र आता खरं नाही, प्लास्टिकच्या डब्यांआधीच्या काळातली गोष्ट आहे ती.

दुसऱ्या गाडीवरून चालू करताना

आधी बंद गाडीचा प्लस, मग चांगल्या गाडीचा प्लस, मग चांगल्या गाडीचा मायनस, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच, ती बॅटरीतून निघणाऱ्या गॅसपाशी उडू नये म्हणून. पाच मिनिटं चांगली गाडी चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलट क्रम. डबा फुगलेला किंवा फुटलेला असेल तर हा प्रयोग करू नका.

नवी घेतानाच

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार बंद-चालू सोसणारी खास बॅटरी असते. तिथे साधी बसवू नका, लवकर जाते. इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या असतील तर एक जुनी एक नवी अशी जोडी लावू नका, जुनी नवीला ओढते. जुनी बॅटरी उभीच आणा, ॲसिड मोरीत ओतू नका, आतलं शिसं वितळवून पुन्हा वापरलं जातं.

आणि कोणत्याही दुकानात, आमच्याही, नवी बॅटरी बसवण्याआधी मीटर लावून बघायला सांगा. शेल्फवर सहा महिने पडून राहिलेली बॅटरीही उतरलेली असते. १२.४ च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करून मागा, नाहीतर दुसरी मागा.