बुकिडनॉन: अननसाच्या शेतांआधी इथे कोण होतं

फिलिपिन्सला जाणारी आपली माणसं बहुतेक मनिला, सेबू, बोराकाय करून परत येतात. मिंदानाओ बेटावरच्या बुकिडनॉनकडे फार कोणी वळत नाही, खरंतर कागायान दे ओरो शहरातून बस पकडली की घाट चढून काही तासांत तुम्ही वरच्या पठारावर असता, थंड हवा, लांबच्या लांब अननसाची शेतं, मका, ऊस, मागे कितांगलादचे डोंगर. फोटो भारी येतात. पण हे जे मोकळं हिरवंगार दिसतं ना, ते तसं का दिसतं हे कळलं की प्रवास वेगळाच होतो, म्हणून थोडं मागचं सांगतोय.

आधी नाव. किनाऱ्यावरच्या विसाया लोकांच्या भाषेत बुकिड म्हणजे डोंगर, म्हणून बुकिडनॉन म्हणजे डोंगरावरचे लोक. म्हणजे नावसुद्धा खालच्या लोकांनी वरच्यांना दिलेलं. तिकडे मनिलाच्या तागालोगमध्ये हाच बुकिड शब्द शेताला वापरतात, आणि आजचा प्रांत बघितला की दोन्ही अर्थ पटतात. वरचे लोक म्हणजे एक जमात नाही, सात आहेत: तालाअंदिग, हिगाओनोन, बुकिडनॉन, उमायामनोन, मातिगसालुग, मानोबो आणि तिगवाहानोन.

स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, पण या पठारावर त्यांचा हात उशिरा पोचला, आणि पोचला तोही प्रेमाने नाही. १८५० च्या सुमाराला कालासुंगाय नावाचं गाव विरोध करतंय म्हणून जाळून टाकलं. पुढे १५ जून १८७७ ला दातू माम्पाआलोंग आणि बाकीच्या दातूंनी (दातू म्हणजे जमातीचा प्रमुख) स्पॅनिश सत्ता मान्य केली, तोच दिवस प्रांताची राजधानी मालायबालायचा स्थापना दिवस धरतात.

मग अमेरिकन आले आणि इथून पठाराचा चेहराच बदलला. १९०७ मध्ये बुकिडनॉनला आगुसान प्रांताचा उपप्रांत केलं, १९१७ मध्ये स्वतंत्र प्रांत. यामागे डीन वूस्टर नावाचा अधिकारी होता, त्याच्या काळात विखुरलेल्या वस्त्यांना सरळ रस्ते आणि मधे चौक असलेल्या गावांत आणून बसवलं, आणि नोकरी सोडल्यावर तो स्वतःच या भागातल्या गुरांच्या धंद्यात उतरला. मोठमोठी कुरणं झाली. त्या काळात फिलिपिन्समध्ये आपल्याकडची नेल्लोर जातीची गुरंही नेली होती, आपण ज्यांना ओंगोल म्हणतो तीच. ज्या जमिनीवर लोक डोंगरशेती आणि शिकार करायचे ती सरकारी कागदावर 'रिकामी' होती, कारण कोणाकडेच पट्टा नव्हता. आपल्या आदिवासी पट्ट्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

१९२६ मध्ये अननस आला. डेल मॉन्टे या अमेरिकन कंपनीने इथे फिलिपिन पॅकिंग कॉर्पोरेशन सुरू केली, आता मानोलो फोर्तिच भागात रस्त्याने जाताना किती वेळ अननसच अननस दिसतं. कायद्याने कंपनीला १,०२४ हेक्टरच्या वर सरकारी जमीन मिळत नव्हती, मग सरकारी महामंडळाच्या नावावर जमीन आणि कंपनीला भाड्याने, असा मार्ग काढला. दुसऱ्या महायुद्धात याच मळ्याजवळच्या धावपट्टीवरून मार्च १९४२ मध्ये अमेरिकन जनरल मॅकआर्थर जपान्यांच्या हातून ऑस्ट्रेलियाला निसटला, गाइड हे हमखास सांगतात. युद्धानंतर विसाया बेटांवरून जमिनीच्या शोधात लोक येत राहिले, जंगलतोड झाली, आणि मूळचे लोक आपल्याच प्रांतात अल्पसंख्य झाले. आज बाजारात विसाया लोकांची सेबुआनो भाषा ऐकू येते, मूळची बिनुकिड कमी.

१९९७ मध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा कायदा झाला, वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क त्यात मान्य केलाय. पण कायदा झाला म्हणून जमीन हातात आली असं नाही. याच प्रांतातल्या सुमिलाओच्या हिगाओनोन शेतकऱ्यांनी १४४ हेक्टरसाठी त्याच वर्षी उपोषण केलं, दहा वर्षांनी २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ते थेट मनिलाकडे चालत निघाले, सुमारे १,७०० किलोमीटर, डिसेंबरमध्ये पोचले. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या वादातली ५० हेक्टर मिळाली, उरलेली दुसरीकडे. मला हे वाचताना २०१८ चा आपला नाशिक ते मुंबई लाँग मार्च आठवला, वनपट्ट्यांसाठी चालून चालून सोललेले ते पाय.

बहुतेक जण जातात काअमुलान उत्सवासाठी, मार्चच्या आसपास मालायबालायला. अमुल म्हणजे जमणं. लग्न, पेरणीआधीचा विधी, दातूंची बैठक, कशासाठीही जमले तरी काअमुलान. आज दिसणारा मोठा उत्सव मात्र १९७४ चा, शहराच्या सान इसिद्रो जत्रेत जमातींना नाचायला बोलावलं तिथून सुरू झालेला. तो जरूर बघा, सातही जमातींचे पोशाख आणि वाद्यं एका ठिकाणी दुसरीकडे कुठे बघायला मिळणार. पण दोन दिवस कितांगलादसाठीही ठेवा, तिथलं दुलांग-दुलांग शिखर २,९३८ मीटर आहे, देशातलं दुसरं सगळ्यात उंच, खाली लांतापानमध्ये तालाअंदिग चित्रकार मातीच्या रंगांनी चित्रं काढतात. वर चढायच्या आधी जमातीचे वडीलधारे पामुहात विधी करतात, कोंबडी अर्पण करून डोंगराची परवानगी मागतात, आणि तो झाल्याशिवाय पायवाट सुरू होत नाही.