टप्प्याटप्प्याच्या आकृतीचा इतिहास

आधी गरजा नोंदवायच्या, मग रचना ठरवायची, त्यानंतर कोड लिहायचा आणि शेवटी चाचणी घ्यायची, हा क्रम सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याची सुरुवात कुठे झाली, हे सहसा कुणी विचारत नाही. ती झाली अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या कामात. ‘सेज’ या प्रणालीसाठी प्रोग्रॅम कसे तयार केले, याचे टप्पे हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ साली मांडले. पुढे १९८३ मध्ये त्याच निबंधाला जोडलेल्या टिपणात त्यांनी एक महत्त्वाचा खुलासा केला : मूळ कामाआधी एक छोटा प्रायोगिक नमुना बांधून पाहिलेला होता, पण त्याचा उल्लेख निबंधात राहून गेला होता.

हे राहून जाणे महागात पडले, असे म्हणायला जागा आहे. १९६०च्या दशकात प्रोग्रॅमचा आकार झपाट्याने वाढला; आयबीएमच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीचे काम तर वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज या दोन्हींच्या पुढे गेले. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोने भरवलेल्या परिषदेत या अडचणींवर उघड चर्चा झाली आणि ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा तिथून रूढ झाली.

विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध तर आजही न वाचताच उद्धृत केला जातो. एकाखाली एक उतरत जाणाऱ्या टप्प्यांची आकृती त्यात आहे खरी, पण ती दाखवून रॉइस लगेच सांगतात की असे काम करणे धोक्याचे आहे, कारण चाचणी अगदी शेवटी येते आणि तेव्हा सापडलेली चूक थेट रचनेपर्यंत मागे नेते. नव्या प्रकारचे सॉफ्टवेअर असेल तर ते दोनदा बांधावे, हाही त्यांचाच सल्ला. या उतरत्या क्रमाला आज म्हटला जाणारा ‘वॉटरफॉल’ (धबधबा) हा शब्द त्यांनी वापरलेला नाही. तो १९७६ च्या सुमारास आला. वाचकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडला. अमेरिकी संरक्षण खात्याचे १९८५ चे मानकही याच उतरत्या क्रमाकडे झुकणारे होते आणि १९९४ मध्ये त्याची जागा अधिक लवचिक मानकाने घेतली.

चूक लवकर सापडावी, यासाठीचे प्रयत्न मात्र वेगळ्या वाटेने चालू होते. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये रचना आणि कोड यांच्या तपासणीची पद्धत मांडली. तिच्यात चाचणीपूर्वीच सहकाऱ्यांची छोटी बैठक, प्रत्येकाची ठरलेली भूमिका आणि सापडलेल्या दोषांची लेखी नोंद असे. बॅरी बोहम यांच्या सर्पिल, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जाणाऱ्या, प्रतिमानाने १९८०च्या दशकात प्रत्येक फेरीत जोखीम तपासणे मध्यवर्ती केले. वॉट्स हंफ्री यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेत संघटनांची परिपक्वता मोजण्याचा आराखडा उभा केला आणि नंतर टीमसाठी स्वतंत्र कार्यपद्धतीही तयार केली, पण अनेक ठिकाणी कामापेक्षा प्रमाणपत्रालाच महत्त्व आले.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटातील स्नोबर्ड येथे १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला, तो अशा कागदी ओझ्याला उत्तर म्हणून. काम थोडे थोडे करून तपासत जाण्याच्या छोट्या फेऱ्या त्याआधीपासूनच वापरात होत्या. जाहीरनाम्याने त्यांना ‘अजाइल’ (चपळ) हे एक नाव दिले. तरीही लेखी पुराव्याची गरज सगळीकडे संपली नाही. विमानातील सॉफ्टवेअरसाठीचे डीओ-१७८सी हे २०११ चे मानक टप्प्यांचा क्रम लादत नाही, पण प्रत्येक गरज कोडमध्ये कुठे उतरली आणि तिची पडताळणी कशी झाली, हे दाखवून देण्याचा आग्रह धरते.